एकतीस नंबरची पट्टी

बेनीकाका, तुमच्या पेटीचं लाकूड पाइन होतं. पॉलिश नाही, कड्या नाहीत, वर एक काळं कापड आणि उचलायला दोरीच्या मुठी. तुमच्या ज्यू लोकांत गेलेल्या माणसाला इतकं साधं नेतात हे मला माहीत नव्हतं. बाकीचे सगळे मान खाली घालून उभे होते आणि मी कापडाखालून दिसणारी फळीची कड न्याहाळत होते, तंतू कुठल्या दिशेने गेलेत ते शोधत. दोन गाठी होत्या, त्यातली एक अगदी कोपऱ्यात. तुम्ही असता तर सुताराला तिथल्या तिथे बोलावून घेतलं असतं. स्वतःच्या अंत्ययात्रेत भांडण काढेल असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि तोच नेमका पेटीत होता.

माती लोटताना एक गोष्ट पाहिली. फावडं एकमेकांच्या हातात देत नाहीत. एकाचं झालं की तो ते ढिगाऱ्यात खोचून बाजूला होतो, पुढचा ते स्वतः उपसून घेतो. का, ते विचारायला मी सवयीने तुम्हाला शोधलं. तुमच्या धर्माबद्दल, लाकडाबद्दल, कचऱ्याच्या बिनच्या दिवसांबद्दल, सगळे प्रश्न मी तुम्हालाच विचारायचे ना. परतताना गाडीत नेओमीला विचारलं. तुमची लेक म्हणाली, "दुःख पास ऑन करायचं नाही म्हणून असेल. आय डोन्ट रिअली नो, मृणाल. डॅडला माहीत असणार."

अकरा महिने मी लंडनच्या कडेला, पिनरमधल्या तुमच्या घरातल्या वरच्या खोलीत राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची जाहिरात होती: मराठी बोलणारी व्यक्ती हवी, स्वयंपाक येत नसला तरी चालेल, वाद घालता आला पाहिजे. मला वाटलं थट्टा असेल. पुण्यात बारा वर्षं बिल्डरांसाठी एकासारखे एक फ्लॅट काढून मी विटले होते, नवऱ्याला लीड्सला नोकरी लागली होती, आणि छत्तिसाव्या वर्षी मी लंडनला प्रायोगिक आर्किटेक्चर शिकायला आले होते. म्हणजे आकार कॉम्प्युटरवर घडवायचे आणि यंत्रांकडून, रोबोच्या हाताकडून कापून, वाकवून ते उभे करायचे. वर्गातली सगळी मुलं पंचविशीची. ती कोड लिहायची तेव्हा मी बटणं शोधत असायचे.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "काय शिकतेस?"

मी दहा मिनिटं सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "म्हणजे सुतारकाम."

"सुतारकाम नाही हो काका. डिजिटल फॅब्रिकेशन."

"लाकूड कोण कापतं?"

"मशीन कापतं."

"आणि तू काय करतेस गं तेव्हा?"

मी राग आल्याचं दाखवून वर निघून गेले आणि तुम्ही खालून ओरडून सांगितलंत की जेवायला चवळीची उसळ आहे, राग जेवून झाल्यावर धर.

तुम्ही कोण आहात ते मला हप्त्याहप्त्याने कळलं. माझगावच्या एका फाउंड्रीत तुम्ही पॅटर्नमेकर होतात. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, तो साचा वाळूत दाबायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ते लाकूड घडवणारे तुम्ही. मग इंग्लंड, हॅरोच्या एका वर्कशॉपमध्ये दारं-खिडक्या, आणि निवृत्तीनंतर मागच्या बागेतली शेड. शेडमध्ये रंधे, पटाश्या, एक रेडिओ आणि एक खुर्ची, तीही दुसऱ्या माणसाने बसू नये अशा बेताने ठेवलेली.

तुमच्या शेडमधूनच मी माझी सगळ्यात मोठी फजिती उचलून नेली. कॉलेजच्या मशीनने कापलेला तुकडा बरोबर मापाचा आहे का हे तपासायला मला चांगली फूटपट्टी हवी होती. तुमच्या ड्रॉवरमध्ये एक जुनी स्टीलची मिळाली, वजनदार, आकडे कोरलेले. वाटलं, याहून विश्वासाचं काय असणार. तीनशे मिलिमीटरचा तुकडा मापला तर तो दोनशे सत्त्याण्णव भरला. पुन्हा कापला, पुन्हा दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे मशीन कमी कापतंय. मी मोठ्या ऐटीत प्रोग्रॅममध्ये एक टक्का वाढवला आणि सगळे भाग कापून घेतले. एकही भाग त्याच्या खाचेत बसेना. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधली, मशीनवाल्यांना तीन कडक ईमेल लिहिल्या. शेवटी रडकुंडीला येऊन फूटपट्टी तुमच्यासमोर आपटली.

तुम्ही ती हातात घेतलीत आणि इतके हसलात की ठसका लागला. ती पॅटर्नमेकरची फूटपट्टी होती. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा आधीच थोडा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब करायला नको म्हणून फूटपट्टीच मोठी बनवलेली. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून एका टक्क्याने लांब. कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत कोरलंही होतं. मी वाचायची तसदी घेतली नव्हती.

"बाई," तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "मशीनला चोर ठरवायच्या आधी साक्षीदाराचं नाव-गाव तरी विचारायचंस."

मशीनवाल्यांची माफी मागितली, पण त्या दिवसापासून तुमच्या कामाबद्दलचं माझं कुतूहल काही केल्या बसेना. जी वस्तू अजून झाली नाही, ती थंड झाल्यावर केवढी उरेल हे आधी धरून काम करणारी माणसं मला कॉलेजात कोणी दाखवली नव्हती. मी रोज संध्याकाळी शेडच्या दारात उभी राहू लागले. दुसरी खुर्ची तुम्ही आठवड्याभराने आणलीत.

तुम्हीही शिकलात, ते विसरायचं नाही. डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून मी तुम्हाला त्रिमितीय मॉडेल फिरवायला शिकवलं. तुम्ही माउस फिरवायचा सोडून मान तिरकी करायचात, पलीकडची बाजू दिसावी म्हणून. पंधरा दिवसांत तुम्हाला गोल कड काढता आली आणि तुम्ही नेओमीला फोन करून कळवलंत. "रंध्याने याला दोन तास लागतात," तुम्ही म्हणालात. आणि मग जरा थांबून, "पण दोन तासांत लाकूड कसं आहे ते कळतं. इथे काय कळलं मला?" मी म्हटलं, वेळ वाचला हे कळलं. यावर आपलं भांडण रविवारपर्यंत चाललं.

माझ्या प्रकल्पात अ‍ॅश लाकडाच्या बेचाळीस पातळ पट्ट्या होत्या. या देशात अ‍ॅशच्या झाडांना रोग पडलाय, ती सगळीकडे तोडताहेत, म्हणून लाकूड सहज मिळत होतं. पट्ट्या वाकवून एकमेकींत विणायच्या आणि त्यांची कमान स्वतःच्या ताणावर उभी राहील, खिळा नाही की खांब नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबात ती छान उभी होती. कॉलेजात पहिल्या दिवशी नऊ पट्ट्या तुटल्या. दुसऱ्या दिवशी अकरा.

तुटलेले तुकडे मी पिशवीत भरून तुमच्याकडे आणले. तुम्ही एकेक तुकडा खिडकीशी धरून बघितलात.

"तुझ्या कॉम्प्युटरला लाकूड म्हणजे काय वाटतं? पनीर?"

प्रोग्रॅमने पट्ट्या फळीवर अशा मांडल्या होत्या की लाकूड कमीत कमी वाया जावं. त्यासाठी तो त्या हव्या तशा तिरक्या फिरवत होता, आणि तंतू पट्टीच्या कडेतून मध्येच बाहेर पडत होते. तुम्ही फाउंटन पेनमधून शाईचा एक थेंब फळीवर टाकलात. शाई तंतूंच्या बाजूने लांब पसरत गेली आणि मला पहिल्यांदा दिसलं की फळीच्या आत एक दिशा असते. "शाई कडेबाहेर पळाली की तिथे मोडणार. कडेला धरून चालली की नाही मोडणार. आमच्या मिस्त्रींनी मला दाखवलं होतं, मी तुला दाखवतोय."

पुढचे सहा आठवडे मी तेच यंत्राला शिकवलं. प्रत्येक फळीचा फोटो घ्यायचा, प्रोग्रॅमने तंतूंच्या रेषा ओळखायच्या आणि कापणीच्या रेषा त्यांच्याबरोबर वळवायच्या. पट्ट्या आता सरळ नव्हत्या, फळी जशी वळेल तशा थोड्या वळत होत्या. वाया जाणारं लाकूड वाढलं, आणि कमान उभी राहिली.

मी तुम्हाला फोनवर फोटो पाठवला. घरी आले तर टेबलावर मोठं ताट होतं, गोड कालवलेले पोहे, वर खोबरं, बाजूला पाच फळं. तीन घरची माणसं जमली होती. कमान उभी राहिली तर एलियाहू हन्नबी या प्रेषिताला हा मलिदा करीन असा नवस तुम्ही मला न सांगता बोलला होतात. हिब्रूतल्या प्रार्थना झाल्या, मग मराठीतलं गाणं, आणि तुमच्या मित्राच्या बायकोने मला विचारलं, "तुझं हे काय आहे, म्हणजे बिल्डिंग का?" तुम्हीच उत्तर दिलंत, "बिल्डिंग नाही. पण पडत नाही."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला पाच दिवस लागले.

माझी मार्गदर्शक फिओना एडिनबराची, फार बारीक प्रश्न विचारणारी. तिने विचारलं होतं, ही तंतूंची कल्पना तुला सुचली कशी? मी म्हटलं, प्रत्यक्ष चाचण्यांमधून. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. घरमालकांनी सांगितलं असं म्हणायची मला लाज वाटली. भोवती पंचविशीची हुशार मुलं, आणि मला एकदा तरी काहीतरी माझं म्हणून हवं होतं. प्रदर्शनाच्या फलकावरही तेच गेलं. पद्धत: मृणाल. ज्या माणसाने माझ्या कमानीसाठी नवस बोलला, त्याचं नाव त्या फलकावर कुठेही नव्हतं.

तुम्ही ब्लेझर घालून आलात. फलकापाशी थांबलात, चष्मा लावून पूर्ण वाचलात, पुन्हा एकदा वाचलात. मी शेजारी उभी होते आणि काही बोलेन असं मला दर सेकंदाला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "अक्षरं फार बारीक ठेवलीत." मग खिशातून पेन्सिल काढून तुम्ही कमानीखाली शिरलात.

एकेका पट्टीवर अंगठा दाबत तुम्ही पुढे गेलात. हे मी शेडमध्येही पाहिलं होतं. शाई हे झालं शिकाऊ लोकांचं, तुमचा अंगठा त्यापुढे जायचा. कसं कळतं विचारलं की तुम्ही म्हणायचात, कळतं म्हणजे कळतं, आणि मी चिडायचे. तुमच्या अंगठ्याचा कोड द्या, मी प्रोग्रॅममध्ये घालते, असं मी म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं: अंगठा घेऊन जा, कोड कशाला मागतेस.

"काका, प्रदर्शनात हात लावायचा नसतो."

"तूच बनवलंयस ना? मग लावू दे." सात पट्ट्यांच्या खालच्या बाजूला तुम्ही बारीक फुल्या मारल्यात. "हे संपलं की वजन टाकून मोडून बघ. या सात या जागी मोडणार. तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो ते आधी लिहून ठेव. मग बोलू."

ट्रेनमध्ये तुम्ही हॅरोला चांगली भेंडी कुठे मिळते त्याबद्दल बोललात. फलकाबद्दल एक शब्द नाही. मी ठरवलं, पट्ट्या मोडून निकाल हातात आला की बसून सगळं सांगेन, माफी मागेन. मला वाटलं होतं तुमच्या-माझ्याकडे भरपूर रविवार आहेत. मी लीड्सला नवऱ्याकडे गेले होते त्या गुरुवारी सकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन शेडमध्ये गेलात आणि तिथेच गेलात. नेओमीने फोन केला तेव्हा मी दुकानात दही घेत होते. दह्याचा डबा हातात धरून मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही.

तुम्हाला वाईट वाटलं होतं का? की तुमच्या मिस्त्रींचं नावही तुम्ही कुठे लिहिलं नव्हतं, तसंच हे चालतं असं तुमच्या मनात होतं? या दोनपैकी मला कुठलंही पटवून देता येतं, स्वतःच्या सोयीने.

सोमवारी कमान उतरवली. बुधवारी मी पट्ट्या कॉलेजच्या चाचणीयंत्रावर घेतल्या. ते पट्टीच्या मध्यावर हळूहळू भार वाढवत नेतं. पहिली फुलीवाली पट्टी, क्रमांक चार, तुमच्या फुलीवरच मोडली. नऊही. चौदा फुलीपासून बोटभर बाजूला. बावीस फुलीवर. छत्तीस आणि चाळीसही. कॉम्प्युटरने त्यांतल्या दोनच ओळखल्या होत्या. सगळ्यांत शेवटी मी एकतीस लावली, मुद्दाम मागे ठेवलेली, कारण तिच्यावर तुमचा आणि कॉम्प्युटरचा सर्वांत मोठा मतभेद होता. कॉम्प्युटरच्या मते ती बेचाळिसांत सर्वांत मजबूत होती.

एकतीस वाकली, आणखी वाकली, यंत्राच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत वाकली. भार काढल्यावर सरळ झाली. मी तीनदा केलं. ती मोडली नाही, काका. तुम्ही चुकलात.

माझी पहिली प्रतिक्रिया आनंदाची होती हे कबूल करते. खिशातून फोन काढून तुमचं नाव शोधलंसुद्धा. मग मी यंत्राच्या बाजूच्या स्टुलावर बसून रडले. तिथला तंत्रज्ञ बिचारा म्हणाला, नमुना मोडला नाही तर चांगलंच आहे की.

संध्याकाळी घरी आले. नेओमी हॉलमध्ये शोकात बसायच्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, तुमच्यासाठी पाळायच्या सुतकाच्या सात दिवसांतला तो सहावा दिवस. भेटायला आलेली माणसं नुकतीच गेली होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि फलकापासून एकतीसपर्यंत सगळं सांगितलं. तुम्हाला सांगायचं होतं ते तिला सांगितलं.

"डॅड रोज तुझा गोष्ट सांगायचा," ती म्हणाली. "माय स्टुडंट, माय स्टुडंट. बोर्डचं काही नाही बोलला. मला नाही माहीत त्याला हर्ट झाला की नाही. आय कान्ट टेल यू दॅट."

"मी थीसिसच्या चॅप्टरमध्ये त्यांचं नाव घालणार आहे. पद्धत त्यांची म्हणून. फुल्यांचं टेबल पण."

"घाल ना. पण सिक्स आउट ऑफ सिक्स लिही, मृणाल. प्लीज. ते एक सोडून दे. कोणाला कळणार? ही इज डेड, लेट हिम हॅव इट."

मला ते फार पटलं. मी वर जाऊन तसं टेबल केलंही, सहा ओळींचं, एकतीसशिवाय. सगळ्या फुलीवर किंवा बोटभर अंतरात. दिसायला इतकं सुंदर की फिओनाने ते पुस्तकात छापायला मागितलं असतं. आणि ते टेबल बघताना मला तुम्ही दिसेनात. तिथे कोणीतरी दिव्यदृष्टीचे आजोबा होते. फाउंड्रीत तीस वर्षांत किती साचे बिघडले ते हसत सांगणारा, चुकला की आधी शिवी देऊन मग का चुकलं ते दुपारभर शोधणारा माणूस त्यात नव्हता. एकदा मी तुमचं नाव खोडलं होतं. आता चूक खोडली असती तर तुमच्यातलं उरलेलंही गेलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या सहांपेक्षा एकतीसबद्दलच जास्त जाणून घ्यायचंय. त्या लाकडात तुमच्या अंगठ्याला असं काय लागलं की तुम्ही फुली मारलीत? मी त्या जागी शंभर वेळा दाबून पाहिलं. एक अगदी हलका मऊपणा आहे असं कधी वाटतं, कधी वाटत नाही.

सकाळी नेओमीला सांगितलं की सातवी ओळ ठेवतेय. ती रागावली. मग तिने चहा केला, म्हणजे राग मावळला असावा.

चौथ्या प्रकरणात आता लिहिलंय: तंतूंनुसार कापण्याची पद्धत बेंजामिन यांची, पॅटर्नमेकर, माझगाव आणि पिनर. त्यांनी ती त्यांच्या मिस्त्रींकडून घेतली, ज्यांचं नाव विचारायचं माझं राहून गेलं. त्यांनी सात भाकितं केली. सहा बरोबर आली, एकतीस चुकलं, कारण माहीत नाही. यापूर्वी मी ही पद्धत माझी म्हणून मांडली होती, ते चूक होतं. इतकं लिहून गुरुवारी फिओनाला पाठवून दिलं. दिवंगत हा शब्द मात्र मी घातला नाही. दोनदा टाइप केला आणि दोनदा पुसला.

आज सकाळी फिओनाचं उत्तर आलं. फलकाबद्दल ती माझ्याशी सोमवारी बोलणार आहे, ते मी ऐकून घेईन. खाली तिने लिहिलंय की बरोबर आलेल्या सहांबद्दल तिला काही विचारायचं नाही, पण एकतीसबद्दल या गृहस्थांना पाच-सहा प्रश्न विचारायचे आहेत. ते पिनरला राहतात म्हणजे जवळच आहेत, त्यांना कॉलेजात येणं जमेल का, की आपणच त्यांच्याकडे जाऊया?

वर्षभर तुम्ही तिच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर होतात, काका. मी तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही.